मावलीची रिकामी पेटी

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे लोक हमखास चुकतात. कुणी म्हणतं, ही हार्मोनियमची पेटी. कुणी म्हणतं, शिवणयंत्राचं झाकण. एका पाहुण्याने तर माझ्या डोक्यावर गरम चहाचा कप ठेवला होता, त्याचा गोल डाग अजून गेलेला नाही. मी सागवानी आहे, जुनी आहे, पण वाद्याची नाही आणि यंत्राचीही नाही. मी मावलीची पेटी आहे. अंधेरी पूर्वेला, विमानतळाच्या भिंतीपलीकडे आमचं गावठाण आहे. तिथे मरियामातेची एक हातभर उंच मूर्ती घरोघरी मुक्कामाला जाते. तिला लोक मावली म्हणतात. तीस-एक वर्षं तिला पोटात घेऊन मी त्या गल्ल्यांतून फिरले.

मला घडवलं धोंडू सुताराने, सत्तावन्न साली. चर्चमधला एक जुना बाक मोडला होता, त्याच्या फळ्या त्याला दिल्या होत्या. धोंडू मालवणकडचा, गावठाणातल्याच एका चाळीत भाड्याने राहायचा. त्याने सुतळीने मूर्तीचं माप घेतलं आणि चारही बाजूंनी बोटभर जागा जास्त सोडली. "देवाक श्वास घेवक जागा होयी," असं तो फादरना म्हणाला होता. त्याने मला कपाटासारखी दोन दारं केली, वर धरायला पितळी कडी बसवली आणि आत निळ्या साटीनचा पडदा लावला. काम संपल्यावर त्याने माझ्यावरून असा काही हात फिरवला, की मला वाटलं, आता हा मला आपल्याच घरी घेऊन जाणार. पण तो हत्यारं गोळा करून निघून गेला.

आमच्याकडची पद्धत तुम्हाला सांगायला हवी. ऑक्टोबर हा रोजरीचा महिना. त्या महिन्यात मावली रोज एका घरी उतरते. संध्याकाळी सगळी गल्ली त्या घरात जमते, हातातल्या माळेचा एकेक मणी मोजत रोजरीची प्रार्थना म्हणते. माळेच्या शेवटच्या भागाआधी घरची बाई मोठ्याने सांगते, आज आमचं मागणं अमक्यासाठी. मग सगळे मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. दुसऱ्या संध्याकाळी मावलीला माझ्यात ठेवायचं, दारं लावायची आणि मेणबत्त्या घेऊन, गात गात पुढच्या घरी न्यायचं. हे सगळं मार्कस मास्तर बघायचे. ते चर्चच्या शाळेतून निवृत्त झालेले, स्वभावाने कडक. त्यांचा नियम एकच. मावली पाहुणी आहे, एका घरी एकच मुक्काम. लग्नघर असो की आजाराचं घर असो, दुसरा दिवस कुणाला मिळाला नाही.

आणि माझं म्हणाल, तर खरं सांगते, माझं कुणाला काही पडलेलं नसायचं. घरात शिरलं की मावलीला काढून टेबलावर मांडायचे, फुलं वाहायचे. मला मात्र खाटेखाली ढकलायचे, कांद्यांच्या टोपलीशेजारी. रोजरी चालायची तेव्हा मला लोकांचे फक्त पाय दिसायचे. मला तिचा हेवा वाटायचा. इतकी वर्षं आपण तिला वाहतो, पण एक ओळ कधी आपल्यासाठी कुणी गात नाही, असं मनात यायचं. लाकडाला सुद्धा मन असतं हो.

पण माझी खरी हुरहूर वेगळीच होती. दर ऑक्टोबरात मी धोंडूच्या दारावरून जायचे. तो दारात हात जोडून उभा असायचा. मिरवणूक पुढे जायची. तो आमच्यातला नव्हता, म्हणून मावली त्याच्याकडे थांबत नसे. तिथे थांबावं, त्याच्या घराला आतून पाहावं, असं मला फार वाटायचं. एके वर्षी तो दारात दिसला नाही. मग कळलं, तो गेला.

गावठाणात मला जपणारा माणूस म्हणजे बेनेडिक्ट. तो तेलाच्या जहाजावर खलाशी होता. वर्षातले नऊ महिने समुद्रावर, पण ऑक्टोबरात घरी असला, की मला उचलायचा मान त्याचाच. दोघांनी धरायची पेटी तो एकटा खांद्यावर घ्यायचा. त्याचा गळा मोठा होता, सूर फारसा नव्हता. मास्तर मागून ओरडायचे, "बेनेडिक्ट, जरा हळू, मावली बहिरी नाही." माझ्या बिजागऱ्या कुरकुरल्या की तो आपल्या डोक्याला लावायचं खोबरेल त्यांना लावायचा. त्याचं लग्न उत्तनच्या ल्युसीशी झालं. घरात ती, बेनेडिक्टची आई इनेझ आणि तो, एवढीच माणसं.

मित्रांनो, आता चौऱ्याऐंशी सालाची गोष्ट. आखातात युद्ध चालू होतं आणि तेलाच्या जहाजांवर हल्ले होत होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. एका तेलाच्या जहाजाला आग लागली, काही खलाशांना वाचवलं, काहींचा शोध चालू आहे. ते जहाज बेनेडिक्टचं होतं. ल्युसी फोर्टात कंपनीच्या ऑफिसात दोनदा जाऊन आली. तिथे सांगितलं, नावं अजून आलेली नाहीत, तुम्ही घरी थांबा.

तीन दिवसांनी मावलीचा मुक्काम ल्युसीकडे आला. रोजरी झाली, मागणं अर्थात बेनेडिक्टसाठी. लोक गेले तरी ल्युसी टेबलासमोरून उठली नाही. मी खाटेखालून तिचे गुडघे पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी, ते तिथेच. इनेझ म्हणाली, "पोरी, दोन घास खा. उपाशी राहून तो लवकर येनार हाय काय?" ल्युसी म्हणाली, "मी उठले तर तिचं लक्ष दुसरीकडे जाईल."

दुपारी इनेझ चर्चला गेली. ल्युसी मावलीशी बोलू लागली. तिचा आवाज रागावल्यासारखा होता.

"तू पण आई हायस ना? मग ऐक. तो येईस्तवर तू हितनं जायचं नाय. मी जाऊच देनार नाय तुला."

पाच वाजता तिने बेनेडिक्टचा चौकडीचा शर्ट काढला, मावलीला त्यात गुंडाळलं आणि त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून वरून कुलूप लावलं. मग ती मोरीशेजारी गेली. पाट्यावरचा वरवंटा उचलून तिने हातात तोलून पाहिला. पंच्यात गुंडाळला, मला खाटेखालून ओढून काढलं, माझ्या आत तो उभा केला आणि पडदा ओढून माझी दारं लावली. मला किती वाटलं, एखादी बिजागरी तरी मोडून पडावी. पण धोंडूचं काम पक्कं होतं.

तुम्ही म्हणाल, बाई किती वेडी. असेलही. पण ज्याच्यासाठी आपला जीव तुटतो, त्याच्यासाठी देवालाही कोंडून ठेवावंसं वाटतं. मी तिला पाहिलं होतं, म्हणून मला तिचा राग आला नाही. मला भीती वाटली, आणि भीतीचं कारण वेगळं होतं. त्या संध्याकाळी मावली कुणाकडे जाणार होती, ते मला ठाऊक होतं.

ती शकुकडे जाणार होती. शकु म्हणजे धोंडूची सून. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, दोन वेळा दिवस राहिले होते, पण टिकले नव्हते. आता तिसऱ्या खेपेला सातवा महिना चालू होता आणि डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं. तिने मार्कस मास्तरांना निरोप पाठवला होता, यंदा मावलीला एक दिवस माझ्याकडे आणाल का. गल्लीत कुरबुर झाली. भाडेकरूंकडे कशाला, ते आपल्यातले नाहीत, असं काही जण म्हणाले. मास्तरांनी विचारलं, "पेटी कुणी केली?" आणि शकुचा दिवस ठरवून टाकला. सत्तावीस वर्षांनी मी धोंडूच्या घरी निघाले होते, आणि माझ्या पोटात वरवंटा होता.

मिरवणूक निघाली. मास्तरांनी स्वतः मला एका बाजूने धरलं होतं, दुसऱ्या बाजूने त्यांच्या शेजाऱ्याने. पुढे मेणबत्त्या, मागे गाणं. रीत अशी, की ज्या घरून मावली निघते त्या घरच्यांनी पुढच्या घरापर्यंत सोबत यायचं. म्हणून ल्युसीही मागून चालत होती. मित्रांनो, इतकी वर्षं मला हवं होतं ते त्या दिवशी मिळालं. ते सगळं गाणं, ती फुलं, दारादारांतून जोडलेले हात, सगळं माझ्या एकटीसाठी होतं. ते मला जराही सोसलं नाही.

शकुने खोलीतला एक कोपरा चुन्याने पांढरा करून घेतला होता. टेबल नव्हतं, म्हणून स्टुलावर लग्नातला शालू घडी करून अंथरला होता. तिचा नवरा सहदेव विक्रोळीच्या कारखान्यातून सुट्टी घेऊन आला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होता. मला स्टुलावर ठेवलं. मास्तर म्हणाले, "शकु, दारं उघड. मूर्ती आतच राहू दे, जागा कमी आहे. नुसता पडदा बाजूला कर."

शकुने माझी दारं उघडली. पडदा सारण्याआधी तिने त्याच्या फटीतून हात आत घातला, पायांना हात लावून नमस्कार करायचा म्हणून. तिच्या बोटांना पंचा लागला. मग पंच्याच्या आतला दगड लागला. तिची बोटं तिथेच थांबली.

तिचा चेहरा माझ्या अगदी समोर होता. मी तो कधी विसरणार नाही. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि ती पांढरीफटक पडली. सात वर्षं वाट पाहिलेल्या बाईला देव म्हणून दगड पाठवला होता. तिने मान वळवून लोकांकडे पाहिलं, एकेका तोंडाकडे. शेवटी तिची नजर दाराशी उभ्या असलेल्या ल्युसीवर गेली. ल्युसीने डोळे मिटले होते आणि पदराचं टोक तोंडात धरलं होतं. शकु तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

मग तिने हात बाहेर काढला आणि पडदा होता तसा नीट केला.

"मास्तर, आज पडदो र्‍हवांदे," ती म्हणाली.

"का गं?"

"आमच्या गावाक रीत हा. देवी पयल्यांदा घरात इली, की पयल्या दिवशी पडद्याआडच पूजतत."

सहदेवने तिच्याकडे चमकून पाहिलं. अशी रीत त्याने बापजन्मात ऐकली नव्हती, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण त्याने निमूट मान डोलावली. मास्तर रीतिभातींना फार मानणारे. ते म्हणाले, "ज्या घरची जी रीत." आणि रोजरी सुरू झाली. तीस-चाळीस माणसं माझ्यापुढे गुडघे टेकून बसली.

माळेच्या शेवटच्या भागाआधी मास्तर म्हणाले, "शकु, तुझं मागणं सांग." सगळ्यांना ते ठाऊकच होतं. बायकांनी तिच्या पोटाकडे पाहून आधीच मान हलवली होती.

शकु म्हणाली, "ल्युसीच्या घोवासाठी. तो खयसर असात थयसर त्याका कोणतरी पाणी देवंदे."

सगळ्यांच्या माना दाराकडे, ल्युसीकडे वळल्या. मग सगळ्यांनी मिळून बेनेडिक्टसाठी प्रार्थना केली. मी रिकामी होते, हे मला आणि त्या दोघींना माहीत होतं. तरीही, मित्रांनो, ती प्रार्थना माझ्यावर आपटून खाली पडली नाही. ती कुठेतरी पोचली. कशी, ते मला सांगता येत नाही. मी पेटी आहे, फादर नाही.

लोक पांगले. ल्युसी उंबऱ्यावर बसून राहिली होती. शकुने सहदेवला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं, पंच्यातला वरवंटा काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"ह्यो तुझो वरवंटो. उद्या वाटाप करूक लागतलो."

ल्युसीने तोंड वर केलं नाही. "मला माफ कर, शकु. मला वाटलं, ती दुसऱ्या घरी गेली की त्याला विसरेल."

"पयला माका काय वाटला, ठावक हा? भाडेकरू म्हणान माका देवाच्या जाग्यार धोंडो धाडलात."

"नाय गं. देवाशप्पथ नाय. तुझ्या जागी कोण पण असतं ना, तरी मी हेच केलं असतं."

"ता तुझ्या तोंडार दिसला म्हणान गप बसलंय," शकु म्हणाली. मग ती भिंतीला धरून सावकाश खाली बसली आणि तिने ल्युसीच्या पाठीवर हात ठेवला. ल्युसी त्या आठवड्यात पहिल्यांदा रडली.

थोड्या वेळाने ती घरी गेली आणि शर्टात गुंडाळलेली मावली घेऊन आली. तिने स्वतःच्या हाताने ती माझ्यात ठेवली. मला हायसं वाटलं. शकुने मावलीच्या पायांना हात लावला आणि आपलं स्वतःचं मागणं पुटपुटलं, एवढ्या हळू, की मलाही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ल्युसीने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. आता मार्कस मास्तर काय म्हणतात, म्हणून सगळे घाबरले होते. ते म्हणाले, "काल मी जितक्या मनापासून गायलो, तितका आयुष्यात गायलो नव्हतो. वरवंट्यापुढे तर वरवंट्यापुढे. चला, उशीर होतोय."

पाच दिवसांनी कंपनीचा माणूस पत्र घेऊन आला. वाचवलेल्यांत बेनेडिक्ट नव्हता. मिळालेल्या मृतदेहांतही नव्हता. पत्रात लिहिलं होतं, बेपत्ता. इनेझने काळे कपडे घातले. ल्युसीने घातले नाहीत. ती म्हणाली, मला कोणी सांगितलेलं नाही, तो गेला म्हणून.

डिसेंबरात शकुला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. गल्लीत पेढे वाटले. ल्युसी मात्र अकरा दिवस बाळ बघायला गेली नाही. लोक म्हणाले, साहजिक आहे, हिने त्याच्यासाठी मागितलं आणि फळ हिलाच मिळालं. मला त्या बोलण्याचा राग येतो. देव काय दुकानदार आहे, की चुकून एकाचा माल दुसऱ्याला दिला? बेनेडिक्ट का आला नाही, हे मला माहीत नाही. ते आजही मला दुखतं. त्याच्या खोबरेलाचा वास माझ्या बिजागऱ्यांना पुढे किती तरी दिवस येत होता.

बाराव्या दिवशी बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सहदेवला बहीण नव्हती. शकुने ल्युसीकडे निरोप पाठवला, आत्या येईपर्यंत पाळणा थांबलाय. ल्युसी आली. तिने वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, नीला. मग ती तशीच वाकून राहिली, कितीतरी वेळ. हे सगळं मला नंतर मार्कस मास्तरांच्या बोलण्यातून कळलं. ऑक्टोबर संपला की मी त्यांच्याच माळ्यावर असायचे.

गेल्या वर्षी मावलीसाठी नवी पेटी आली. काचेची, आत दिवा लागणारी. दिसायला झकास आहे, मी नाही म्हणत नाही. मला भंगारात द्यायचं ठरत होतं, तेव्हा ल्युसीने मास्तरांकडे मला मागितलं. मला वाटलं, आता ती माझ्यात बेनेडिक्टची पत्रं ठेवेल, नाहीतर तो चौकडीचा शर्ट. तिने काहीच ठेवलं नाही. रोज संध्याकाळी ती माझी दारं उघडते, पडदा बाजूला करते, समोर मेणबत्ती लावते आणि बसते. पूर्वीसारखी ती रागावून बोलत नाही. अमुक दे, तमुक कर, असंही म्हणत नाही. कधी दिवसभराचं सांगते, कधी नुसतीच बसते. आणि उठताना रोज एकच म्हणते, "तुझ्यावर सोडलंय."

नीला आता पाच वर्षांची होईल. परवा तिने माझ्यात डोकं घालून पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, आत कोण पण नाय."

"माहीत आहे," ल्युसी म्हणाली. "जागा ठेवलीय. तू बस माझ्याजवळ."

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझ्या एका फळीला वाळवी लागली आहे. मला नवं पॉलिश नको, फुलं नकोत. तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनं पडलं असेल, तर ते अधूनमधून पुसा, बिजागरीला थेंबभर तेल द्या. आणि तुमच्या गल्लीत कुणी कुणाची वाट पाहत असेल, तर त्याला समजावायला जाऊ नका. देव आहे की नाही, यावर वाद घालायलाही जाऊ नका. संध्याकाळी जरा वेळ त्याच्या घरी जाऊन बसा.

नीला बसते तशी. पाच मिनिटांत ती कंटाळते आणि उठून पळते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. दार वाजलं की ल्युसी अजूनही हातातलं काम टाकून एकदम उठते. पदर सारखा करते. मग दार उघडते, खाली बघते आणि तिला आत घेते.